मामांच्या डोक्यावरचा फेटा

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. पोटात दोन घोट गेल्यावर माणूस नको ते बोलून जातो म्हणतात, तर तेव्हाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझे कोणी लागत नाही म्हणून. उद्या रस्त्यात भेटलात तर मान खाली घालायची पाळी येणार नाही, एवढाच हिशेब आहे. बघा, सुरुवातीलाच स्वतःची सोय पाहिली.

पण लगेच तिथं जाववत नाही. आधी दुसरंच सांगतो. चालेल ना?

मी फेटे बांधतो. इस्लामपुरात माझं दुकान आहे. लग्न, सत्कार, उद्घाटन, पुढाऱ्याचा वाढदिवस, जिथं जिथं माणसाला स्वतःचं डोकं मोठं करून घ्यायचं असतं, तिथं मला बोलावतात. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांत असा तालुका नसेल जिथं मी कुणाच्या मागं उभा राहून कापडाला पीळ दिला नाही. आणि या धंद्यात मोठी माणसं अचानक गाठ पडतात. कधी कुठलं डोकं समोर येईल, सांगता येत नाही. तुम्ही त्यांना पडद्यावर समोरून बघता. मी वरून बघतो. वरून फार वेगळं दिसतं, एवढंच सांगतो. कलप कुठं संपतो, टक्कल कुठं सुरू होतं, कोंडा किती, घाम किती, सगळं.

एकदा वाईला लग्नाच्या कामाला गेलो होतो. घाटावर शूटिंग चाललेलं. त्यांचा फेटेवाला आलेला नव्हता, म्हणून एकजण धावत येऊन मला ओढून घेऊन गेला. खुर्चीत कोण बसलेलं? सिनेमात दहा गुंडांना एकटा लोळवतो तो. मी त्याच्यापासून हातभर लांब, आणि हा माझ्याशी बोलेना. शेजारच्या माणसाला म्हणाला, याला सांगा घट्ट नको. मला मराठी कळतं, माझ्या कानात बोळे नव्हते. पण नाही, मध्ये दुभाष्या पाहिजे. केसाला हात लागला तर अख्खे केसच जागेवरून हलले, डिंकाचा वास आला. नंतर घाटाच्या चार पायऱ्या उतरायला या पैलवानाला दोन बाजूंनी दोन माणसं लागली.

दुसरा क्रिकेटवाला. साताऱ्याजवळ हायवेच्या हॉटेलात भेटला. मी एका लग्नाहून परत येत होतो, डोक्यावर माझाच फेटा तसाच राहिलेला. हल्ली थाळीच्या हॉटेलांत वाढप्यांनाही फेटे घालतात, हे तुम्ही बघितलं असेल. त्यानं मान वर न करता मला सांगितलं, पापड आण. आणि मी, हसू नका, मी आणला. आतून पापड मागून घेतला, बशीत ठेवला, त्याच्यापुढं नेला. वर विचारलं, अजून काही? तो फोनमध्येच बघत राहिला.

आणि ती गाणारी बाई. सांगलीच्या नाट्यगृहात सत्कार. केस नुकतेच बसवून आणले होते म्हणे, त्यावर फेटा नको. मग फोटो कसा निघणार? तर मी तो माझ्या गुडघ्यावर बांधला आणि देवाच्या मूर्तीवर छत्र धरावं तसा तिच्या डोक्यावर अधांतरी धरून उभा राहिलो. फोटो निघाला. बाईंनी डोळे भरून आल्याचं दाखवलं. माइकवर म्हणाल्या, या मातीचा हा मान मी जन्मभर डोक्यावर वागवीन. तो फेटा तिच्या डोक्याला लागलासुद्धा नव्हता हो!

लग्नघरात हे किस्से मी रंगवून सांगतो. लोक पोट धरून हसतात. म्हणतात, संपतराव, तुम्ही कुणाला भीत नाही. नावं मोठी आणि लक्षणं खोटी, हे माझं पेटंट वाक्य. आणि हे सांगत असताना माझ्या दुकानातली भिंत कशानं भरलीय? याच लोकांबरोबरच्या फोटोंनी. प्रत्येक फोटोत मी कडेला, दात काढून उभा. शिव्या मागून आणि दात समोरून. त्या माणसांचा मला तिटकारा आहे, हे खरं आहे. पण तो तिटकारा माझ्या फार उपयोगाचा आहे. त्याच्या आड उभं राहिलं की माझ्याकडं कुणी बघत नाही.

आता मामांचं सांगतो.

बिरूमामा म्हणजे माझ्या आईचे भाऊ. कडेगावच्या पलीकडं, जिथं ऊस संपतो आणि माळ सुरू होतो, तिथलं त्यांचं गाव. मेंढरं पाळली, मग थोडी जमीन केली. पण त्यांची खरी ओळख ढोलाची. आमच्या धनगर समाजात गजी नाचतात. ढोलाच्या तालावर रिंगण धरून, हातात रुमाल घेऊन. त्या रिंगणाच्या मधोमध मामा ढोल घेऊन उभे राहिले की बिरोबाच्या जत्रेत माणूस हलायचा नाही. माझे वडील फौजेत. आई माझ्या लहानपणीच गेली. मी मामांच्या घरी वाढलो, मामीच्या हातचं खाऊन. मामी तोंडानं फटकळ, पण ताटात स्वतःच्या पोरापेक्षा मला जास्त वाढायची. फेटा बांधायलाही मी मामांकडंच शिकलो. खाली बसायचे, गुडघा उभा करायचे आणि म्हणायचे, "ह्ये माझं डोस्कं समज. बांध." त्यांच्या गुडघ्यावर मी पहिला पीळ दिला.

मामा स्वतः पांढरा पटका बांधायचे. झोपतानाच काय तो उतरायचा. आमच्याकडं जुना माणूस चारचौघांत उघड्या डोक्यानं बसतो तो एकाच वेळी, घरात मयत झालं म्हणजे. एरवी उघडं डोकं म्हणजे अब्रू गेली. नव्या पोरांना याचं काही नाही. मामांना होतं, आणि त्यांना आहे हे मला पुरेपूर माहीत होतं. हे लक्षात ठेवा. माहीत नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही.

तर तालुक्याच्या एका पुढाऱ्यानं कडेगावला मोठा कार्यक्रम घेतला. सगळे त्यांना दादा म्हणतात, आपणही दादाच म्हणू. वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या मंडळींचा सत्कार होता, आणि त्यात लोककलावंत म्हणून बिरूमामांचं नाव. जन्मात पहिल्यांदा त्यांना कुणी स्टेजवर बोलावलेलं. मामीनं इरकली लुगडं काढलं. तिनं सगळ्या वाडीला सांगून ठेवलेलं. त्यांचा पोरगा सागर आला, शेजारपाजारच्या बायका जीप करून आल्या. फेट्याचं काम माझ्याकडंच होतं. स्टेजवरच्यांना कोशाचे, म्हणजे रेशमी, चांगले जरीच्या काठाचे. खालच्या कार्यकर्त्यांना नायलॉनचे शिवलेले तयार फेटे, टोपीसारखे डोक्यावर ठेवायचे.

मामांची पाळी आली तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं पटका उतरवला, घडी केली आणि माझ्याकडं दिला. म्हणाले, "जपून ठेव रं. ह्यो परत लागंल मला." मी तो खांद्यावरच्या पिशवीत टाकला आणि कोशाचा फेटा बांधला. खरं सांगतो, तसा फेटा मी पुन्हा कुणाला बांधला नाही. तुरा असा उभा राहिला की खाली बायकांत बसलेली मामी तोंडाला पदर लावून हसली. मग उजव्या बाजूच्या बाईला कोपरानं ढोसून दाखवलं, मग डाव्या. मी ते स्टेजवरून बघितलं.

आणि तेवढ्यात तो आला.

टीव्हीवरचा हिरो. रोज संध्याकाळी घराघरांत दिसणारा. तो कोल्हापूरला निघालेला, वाटेत कुणाकडं तरी जायचं म्हणून या बाजूला वळलेला आणि मैदानाशेजारच्या रसवंतीवर रस प्यायला थांबलेला. पोरांनी ओळखला. दादांची माणसं गेली आणि त्याला जवळजवळ उचलून आणलं. मांडवात नुसती शिट्ट्यांची बोंब उठली. ज्यांचे सत्कार होते त्यांच्याकडं पाठ करून लोक मोबाइल वर धरून उभे. दादा माझ्या कानाशी आले. "संपत, पाव्हण्याला कोसा बांध. झकास झाला पायजे."

पिशवीत कोसा शिल्लक नव्हता. तयार फेटे होते.

इतकी वर्षं मी स्वतःलासुद्धा असं सांगत आलोय की दादा म्हणाले, कुणाचा तरी काढ आणि ह्याला बांध. दादा तसं म्हणाले नाहीत. दादांच्या नावावर पुष्कळ पापं असतील, हे त्यांचं नाही. ते एवढंच म्हणाले आणि हिरोला खुर्ची द्यायला गेले. पुढचं सगळं माझं.

मी स्टेजवरच्या रांगेकडं बघितलं. पहिल्या खुर्चीवर आमदार. तिथं हात लावायची माझी छाती नव्हती. पुढं कारखान्याचे चेअरमन, मग डॉक्टर, मग एक निवृत्त साहेब, मग शाळेच्या बाई. माझी नजर एकेका डोक्यावरून सरकत गेली. कुणाचा काढला तर कोण काय बोलेल, हे मी जोखत होतो. बाजारात मेंढरू चाचपावं तसं. आणि टोकाला माझे मामा बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, फेटा हलू नये म्हणून मान ताठ धरून. ते काही बोलणार नाहीत, हे मला माहीत होतं.

मी त्यांच्या मागं गेलो. म्हणालो, "मामा, जरा सैल झालाय. परत बांधतो."

त्यांनी लगेच मान पुढं केली. माझ्यासाठी.

तो उतरवायला काही वेळ लागत नाही. सगळ्यांचे डोळे हिरोवर, खाली कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी तो घेऊन गेलो आणि हिरोच्या डोक्याला बांधायला लागलो. मी एकेक पीळ मुद्दाम सावकाश देत होतो. पापानं नव्हे हो! आनंदानं. एवढ्या मोठ्या माणसाच्या डोक्याला आपला हात लागतोय म्हणून. तो विचारत होता, हे किती वेळ ठेवावं लागेल? त्याला कोसा कुठला आणि नायलॉन कुठलं, यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तयार फेटा ठेवला असता तरी तो तेवढाच हसला असता, तेवढाच बोलला असता. कुणाचं काही अडलेलं नव्हतं. माझंच अडलेलं होतं, मला त्याच्याबरोबरच्या फोटोत माझ्या हातचा भारी फेटा पाहिजे होता.

बांधून झाल्यावर मी मामांकडं गेलो का? नाही. निदान एखादा तयार फेटा त्यांच्या डोक्यावर ठेवावा, एवढं तरी सुचलं का? सुचलं. त्यांचा स्वतःचा पटका होता की, तो द्यायचा. मी इथं तुम्हाला सांगणार होतो की पिशवी स्टेजखाली राहिली होती, गर्दीतून जाता येईना. मनात वाक्य तयारही होतं. खोटं आहे ते. पिशवी माझ्या खांद्यालाच होती. पटका माझ्या बरगडीला लागत होता.

मग का दिला नाही? हेच ते. इथंच येता येत नव्हतं.

त्या पटक्याला मेंढरांचा वास यायचा. लोकरीचा, घामाचा, धुराचा. लहानपणी ताप आला की मामा तो पटका माझ्या अंगावर टाकायचे, तोच वास. आणि मला तो त्या हिरोच्या शेजारी नको होता. मामा त्या पटक्यात बसले असते, आणि कुणीतरी म्हणालं असतं, हे फेटेवाल्याचे मामा. हिरोनं नाक मुरडलं असतं, निदान मला तसं वाटलं. मला माझ्या मामांची लाज वाटली. त्यापेक्षा ते उघड्या डोक्यानं बसलेले मला चालले. समजलं? चालले मला.

मामा वाट बघत बसले. आधी त्यांनी दोनदा मागं वळून पाहिलं. मग तो हिरो फेटा बांधून समोर आला, आणि त्यांनी तो फेटा ओळखला. त्यानंतर ते वळले नाहीत. कपाळावर जिथं पटका बसायचा, तिथून वर त्यांची कातडी गोरी होती, खाली सगळं उन्हानं रापलेलं. ती मधली रेघ खालच्या लोकांना लांबूनही दिसत होती. त्यांनी एक हात डोक्यावर ठेवला, मग कसं दिसेल म्हणून काढला, मग पुन्हा ठेवला. नाव पुकारलं तेव्हा ते तसेच उठले. निवेदकानं मस्करी केली, "मामांनी डोक्याला हवा लावलीय बरं का!" मांडव हसला. हिरोनं शाल आणि नारळ दिला, "नमस्कार काका" म्हणाला आणि काकांकडं न बघता कॅमेऱ्याकडं बघून हसला. सगळ्या सत्कारात उघड्या डोक्याचा एकच माणूस होता. मी कुठं होतो? त्याच कॅमेऱ्याच्या बाजूला, माझी पाळी कधी येते त्याची वाट बघत.

फोटो मिळाला मला. छान आलाय. तो फेटा हिरोनं मैदानाच्या फाटकापाशीच काढला आणि गाडीच्या मागच्या काचेशी फेकला, हेही मी बघितलं. हा किस्सा मात्र मी लग्नघरात सांगत नाही.

परतताना जीपमध्ये मी मामांना पटका दिला. त्यांनी तो बांधला. आणि मामी सुटली. शेजारणींसमोर तिची मान खाली गेली होती. "आवं, काय अवदसा आठवली तुमास्नी? येवडा चांगला बांधला हुता पोरानं. मयताला बसल्यावानी बसला की भर सभेत!"

मी बाहेरच्या उसाकडं बघत होतो. आता मामा सांगणार, आता सगळं उघडं पडणार. मामांनी पटक्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "मला न्हाई सोसलं गं. मीच म्हणलं, काढ गड्या."

मामीनं माझ्याकडं बघितलं. "व्हय रं संपा?"

मी मान हलवली.

मामांनी मला वाचवलं, असं तुम्ही म्हणाल. पण त्यांनी मला एक वाट ठेवली होती, मी खरं बोलण्याची. त्या वेळी नाही तर दुसऱ्या दिवशी, नाही तर पुढच्या दिवाळीला. मी त्या वाटेनं कधी गेलो नाही. आणि मामीचं तोंड तुम्हाला माहीत नाही. पाहुणा आला की हेच. कुणी जत्रेला ढोल वाजवायला बोलवायला आलं की हेच. "ह्येंला न्हेऊ नगा, ह्येंला मान सोसत न्हाई." सागर कॉलेजात शिकलेला, तो मित्रांत बापाची नक्कल करायचा, डोक्यावर हात ठेवून. गावात पोरं मामांना बोडका कलावंत म्हणायला लागली. मामा कुणाच्या बोलावण्याला जायचे बंद झाले. बिरोबापुढं तेवढा ढोल वाजवायचे, जत्रेची गर्दी पांगल्यावर. एकदाच झालेला तो मान स्वतःच्या हातानं घालवला, हे त्यांच्या नावाला चिकटलं ते चिकटलंच. आणि ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. सागरच्या लग्नात सगळे पुरुष माझ्यापुढं रांगेनं बसले फेटे बांधून घ्यायला. मामा घरूनच पटका बांधून आले. मामी म्हणाली, "बघ, अजून नाटकं." मी हसलो. हो, हसलो.

मागच्या वर्षी मामा गेले. आमच्याकडं तेराव्याला सोयरे फेटा आणतात आणि मुलाच्या डोक्याला बांधतात, म्हणजे आता घराची जबाबदारी त्याची. बांधायला अर्थातच मला पुढं केलं. घरचाच माणूस, त्यात हात चांगला. सागर पाटावर बसला. अंगण माणसांनी भरलेलं. मामी उंबऱ्यात बसली होती, ती म्हणाली, "नीट बांध रं बाबा. आन् सागर, तू तरी बापावानी काढून टाकू नगंस." तेराव्याला लोक थोडे मोकळे झालेले असतात. अंगणात हसू पिकलं. सागरही गालात हसला, त्याच्या बापाला हसला. सगळे समोर होते, एक वाक्य पुरलं असतं. मी फेट्याच्या टोकाची शेव खोचली, तुरा काढला आणि बाजूला झालो. सगळे म्हणाले, संपतचा हात अजून तसाच आहे.

मामी आहे अजून. पाय दुखतात, पण तोंड शाबूत आहे. परवा सहज गेलो होतो. तिनं चहा दिला. गावात नवीनच लग्न होऊन आलेली एक मुलगी तिच्याकडं बसायला आली होती. भिंतीवर मामांचा फोटो आहे, त्यावरून विषय निघाला आणि मामीनं तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. हिरो, कोशाचा फेटा, भर सभेत उघडं डोकं. मुलीला पटेना. तिनं मला विचारलं, "खरंच व्हय ओ दादा? त्येंनीच काढाय लावला?"

"तर काय," मी म्हणालो. "मी लय सांगून बघितलं मामांस्नी, ऱ्हाऊ द्या म्हणून. ऐकलं न्हाई."

ही परवाची गोष्ट आहे.